जेवून आल्यावर

"अहो, मागे हे नेटवर्क कार्ड कसं चालू केलं होतंत?" मी परत विचारलं. हे नुसते हसले.

विसरायचा आजार जडण्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स यांनीच हौसेनं घातलेलं. काल मेलं अपडेट झालं आणि इंटरनेटच गेलं. कार्ड सापडत नाही म्हणे. थोड्या वेळात लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा होता. मोबाइलच्या एवढ्याशा चौकोनात हे तिला ओळखत नाहीत, मोठ्या पडद्यावर अजून ओळखतात.

मोबाइलवर कार्डाचं नाव टाकून शोधत बसले. एका जुन्या फोरमवर हुबेहूब हीच अडचण सापडली. विचारणाऱ्याचं नाव मुरलीधर टिळेकर, मिरज. हेच की! भराभर खाली गेले. शेवटी यांनीच लिहिलं होतं, "जमलं! कसं ते जेवून आल्यावर लिहितो. बायको केव्हाची हाका मारतेय."

त्याखाली काहीच नव्हतं.

मी मोबाइल यांच्यापुढे धरला. "आठवतंय का काही?" बोट ठेवून यांनी ओळ सावकाश वाचली. मग लगबगीनं उठले, हात धुऊन आले आणि टेबलापाशी ताटाची वाट बघत बसले.