तलवारीचं कंकण

पाटावर नवरदेवाच्या जागी तलवार ठेवली, तशी नवरी उठून उभी राहिली.

छावणी भागातल्या मंगल कार्यालयात सनई गप्प झाली. भटजींनी अंतरपाट खाली सोडला. "झालं! फिरली पोरगी," मागं कुणीतरी कुजबुजलं.

खरं तर दीपमाला मुळात राजीच कधी होती? तीन वर्षं तिनं हवालदार ऋतुराजला नाहीच म्हटलं होतं. तिचे वडीलही फौजी. तिच्या लहानपणी ते घरी कमी आणि फोटोत जास्त असायचे. "जो घरातच नसतो त्याच्याशी संसार कसा करायचा?" असं ती ऋतुराजला तोंडावर विचारायची.

पण गडी हटणारा नव्हता. दीपमाला शहरातल्या एका संग्रहालयात जुन्या शस्त्रांचा गंज काढते. दर सुट्टीत हा आपल्या गावाहून, वैजापूरहून, काहीतरी गंजकं उचलून आणायचा आणि तिच्या टेबलापुढं उभा राहायचा. एकदा तर पणजोबांची कट्यार म्हणून औताचा फाळ घेऊन आला. त्या दिवशी ती पोट धरून हसली आणि हसता हसता हो म्हणून बसली. अट एकच घातली, लग्नाला तरी वेळेवर ये.

चार दिवसांपूर्वी सीमेवर तणाव वाढला आणि सुट्ट्या रद्द झाल्या. ऋतुराजचे आजोबा आप्पासाहेब, वय पंच्याऐंशी, म्हणाले, "तारीख हलायची नाय. आमच्यात गडी लढाईवर असला की तलवारीसंगं लगीन लावत्यात." सकाळपासून येईल त्याला ते सांगत होते, ही तलवार लई रक्त प्यालेली आहे. नवरीला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

आता ती तलवारीजवळ गुडघे टेकून बसली. ढकलून देते की काय, असं सगळ्यांना वाटलं. तिनं मुठीवरचं लाल फडकं सोडलं. जुन्या लोखंडाला कापड गुंडाळलेलं तिला बघवत नाही, सवयच तशी. मग सावकाश म्यानातून पातं बाहेर काढलं आणि धारेवर नजर फिरवली.

"आप्पा, ही लढाईत गेलेलीच नाही. धारेला एक खाच नाही. मुठीच्या नक्षीत हळद बसलीय, थरावर थर."

लोक हसले. पण तिचं बोट मुठीवर एका जागी थांबलं होतं. तिथं एक कंकण बांधलेलं होतं. दोरा काळा पडला होता, हळकुंड सुकून खडा झालं होतं. गाठ तशीच होती.

"हे कुणाचं?"

आप्पासाहेबांची मान खाली गेली.

"लक्ष्मीबाईचं. माझी थोरली चुलती. नवरीनं तलवारीला कंकण बांधायचं, आन् नवरा घरी आला की त्यानं ते सोडायचं. समद्यांनी सोडलं. चुलता दुसऱ्या महायुद्धात गेला, तो आलाच नाय. तिनं मरेस्तोवर त्या गाठीला कुणाला हात लावू दिला नाय. तिच्या लग्नानंतर आजच काढली तलवार. म्हणून झाकून आणली, पोरी."

तीन वर्षं दीपमाला ज्या गोष्टीला भीत होती, ती तिच्या हातात होती. किती शस्त्रं तिनं आजवर हाताळली असतील. अशी गाठ कशावरच नव्हती. एका बाईनं आख्खा जन्म या एवढ्याशा गाठीवर काढला होता. दीपमालानं वाकून त्या गाठीला कपाळ टेकवलं.

"राहू दे, पोरी," आप्पासाहेब म्हणाले. "तू ऊठ. कुणी तुला बोल लावणार नाय."

ती उठली नाही. तिनं भटजींच्या ताटातलं नवं कंकण उचललं, जुन्याच्या शेजारी बांधलं आणि गाठ दातांनी करकचून ओढली.

"त्याला फोन लावा," ती म्हणाली. "म्हणावं, मी बांधून ठेवलंय. सोडायला तुलाच यावं लागंल."