थोरल्याचा पाट

"तीन आधी की पंचवीस?" रूबेन पेणकरांनी विचारले आणि हिलालचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

जळगावच्या एका तांत्रिक विद्यालयात दोघेही निदेशक होते. पेणकर मूळचे कोकणातले बेने इस्रायली. आपल्या पंचांगाविषयी ते भरभरून बोलत.

"आमच्यात एकोणीस वर्षांत सात वर्षे तेरा महिन्यांची, हिलालभाऊ. त्या वर्षी अदार महिना दोनदा. यंदाही तसाच आला. समजा, एक मुलगा पहिल्या अदारच्या पंचवीसला जन्मला, दुसरा आठ दिवसांनी, दुसऱ्या अदारच्या तीनला. साध्या वर्षी अदार एकच. मग वाढदिवस आधी कोणाचा?"

"धाकट्याचा."

"आणि लोक त्यालाच थोरला समजणार!" पेणकर खदखदून हसले.

हिलाल हसला नाही.

चुलतभाऊ वना त्याच्याच वर्षीचा. वनाचा वाढदिवस आषाढ शुद्ध तृतीयेला, हिलालचा वद्य दशमीला. वनाचे वडील, आप्पा, वारले तेव्हा बावीस वर्षांचा वना एवढ्याच बळावर म्हणाला होता, "मी थोरला." श्रावणात घरात कानबाई देवीची स्थापना होई; तेव्हा पुढच्या पिढीतल्या थोरल्याने ज्या पाटावर बसायचे, तो पाट त्याने घेतला. हिलालची आई त्या दिवशी पदरात तोंड लपवून रडली होती. मुलाचा मान गेला, दुसरे काय!

तेव्हापासून तेवीस श्रावण हिलाल धुळ्याजवळच्या कापडण्याला जाऊन ते पाहत होता. वनाला ना बायको, ना पोर. नैवेद्याचे रोट भाजायलाही हिलालचीच बायको लागे. तरी देवीपुढे मान त्याचा. वर पहिला रोट तो हिलालच्या ताटात वाढी आणि हसे. ते हसणे हिलालला वर्षभर पुरे.

घरी येताच त्याने स्वर्गवासी आईची पेटी उपसली; तळाशी त्याच्या जन्माचे टिपण सापडले. शके १८७२, अधिक आषाढ, वद्य दशमी. खाली वनाचीही नोंद: निज आषाढ, शुद्ध तृतीया. आठ दिवसांनी धाकटा.

त्या श्रावणात हिलाल बायकोला, बेबाबाईला, घेऊन पहाटेच कापडण्याला पोहोचला. भिंतीवर पणजोबा, आजोबा आणि आप्पा हार घालून बसले होते. तिघांचेही केस काळेभोर. वना यायच्या आत हिलाल पाटावर बसला.

वना दारातच थबकला. "भाऊ, ऊठ."

"कोणाला भाऊ म्हणतोस? थोरल्याला नाना म्हणतात." हिलालने टिपण पुढे केले. "थोरला मी आहे."

वनाने कागदाकडे पाहिलेही नाही. "माले ठाऊक शे. आप्पा गये तव्हाच मोजं व्हतं. ऊठ."

"तेवीस वर्षे माहीत होतं? आणि मान खात बसलास?"

"ऊठ ना रे!" वनाचा आवाज फाटला.

हिलालने मांडी आणखी घट्ट घातली. बेबाबाईने त्याच्या कपाळाला कुंकू लावले. नारळावर, देवीवर, अक्षता पडल्या. स्थापना झाली. आता पाट बदलता येत नव्हता.

वनाची आई भागाबाई चुलीपासून उठून आली. पाटावर हिलालला पाहून तिच्या हातातला रोट गळून पडला.

"त्या पाटवर बठेल या घरना एकबी माणूसनी शेचाळीसावं वरीस पुरं करं नही, बेटा," ती म्हणाली. "म्हनीसन तर वनानी लगीनबी करं नही."