चाहूल

"वाळवंटातला उंदीर आणि तिथलंच रानमांजर, दोघांत साम्य काय?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी उठली. "दोघांचेही कान तिखट असतात. उंदीर मांजराची चाहूल घेतो आणि मांजर उंदराची."

"शाब्बास! आणि फरक?"

"चाहूल लागली की उंदीर पाय आपटून बिळातल्यांना सावध करतो. मांजराच्या तळव्यांवर मात्र केस असतात. ते आलेलं कळतच नाही."

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ बोलावलं. "एवढं कुठं वाचलंस गं?"

"ग्रंथालयात." मुलगी खाली बघत होती. "मीही तेच करते, बाई. जिन्यात बाबांचे बूट वाजले की मी जोरात पाय आपटते. मग आई धाकट्याला उचलून मोरीत जाते आणि आतून कडी लावते."

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "हे बघ, उद्या सकाळीच मी तुमच्या घरी येते, एकटी नाही येत. आजच्या दिवस तू असाच पाय आपट."

मुलीने नकारार्थी मान हलवली.

"आता उपयोग नाही, बाई. कालपासून बाबा बूट हातात घेऊन जिना चढतात."