पाण्यावरून परतलेला

“तो आता ओरडतच नाही, मॅडम,” अजवांग म्हणाली.

पेनिना हसली. “अगं, बाकीच्या बायका नेमकं उलटं रडगाणं घेऊन येतात.”

केनियातल्या किसुमूच्या बाजारात शिंपिणीच्या दुकानाच्या वर पेनिनाची समुपदेशनाची खोली होती. अजवांग सरोवराच्या किनाऱ्यावर मासे तळायची. तिच्या मोठ्या बहिणीने, मिलिसेंटने, तिला बळेच इथे धाडलं होतं.

ईस्टरला वादळात तिच्या नवऱ्याची, ओगुतुची, होडी उलटली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच चालत घरी आला. तेव्हापासून त्याने बायकोवर हात उगारला नव्हता.

“मक्याच्या पिठाची उगाली करपली तरी छान झालीय म्हणतो. आधी ताटच फेकलं असतं मेल्याने.”

“मग बिघडलं कुठे?”

“माझ्याकडे बघत बसतो. मी मासा कसा उलटते, केस कसे बांधते, हसते कशी. शाळेतलं पोर फळ्याकडे बघतं ना, तसं. मॅडम, तो ओगुतु नाहीये.”

पेनिनाने अशा कितीतरी बायका पाहिल्या होत्या. “मार खायची सवय झाली की माया खोटी वाटते. मरणाच्या दारातून आलेला माणूस बदलतो गं. आणि त्याला मी काय करणार? इथे तू येतेस. बदलायचं तुला आहे.”

“म्हणजे काय करू?”

“भीतीला तोंड दे. रविवारी त्याच्याबरोबर होडीतून जा.”

“पाण्यावर? त्याच्याबरोबर?” अजवांगने तिचा हात घट्ट धरला. “तुम्ही सांगता म्हणून जाते हं.”

पुढच्या खेपेला ती वेळेआधीच आली. चेहरा शांत, आवाज मऊ.

“तुमचंच खरं होतं, मॅडम. मीच वेडी. आता आमचं छान चाललंय.”

पेनिनाचा जीव भांड्यात पडला. मनातून तिलाही धाकधूक होतीच. तिने थर्मासमधून दोघींना चहा ओतला. अजवांगने कप उचललाच नाही. ती पेनिनाचे हात बघत होती. पेनिना चष्मा पुसू लागली, तेव्हा अजवांगची बोटंही हवेत हळूच तशीच हलली.

“काय बघतेस गं?”

“काही नाही. तुमच्याकडून खूप शिकण्यासारखं आहे.”

फोन वाजला. पलीकडे मिलिसेंट हुंदके देत होती.

“मॅडम, आमची अजवांग गेली हो! सकाळी जलपर्णीत सापडली. शेजारी ओगुतुही होता. पोलीस म्हणतात, तो ईस्टरपासूनच पाण्यात आहे.”