फाटकातलं माप

समरकंदला लग्न करून हेरंब आणि दिलफुझा निघाले. मनगटातल्या चिपच्या जोरावर साऱ्या देशांच्या सीमा न थांबता ओलांडून ते पुण्यात पोचले. 'मधुबन' सोसायटीच्या फाटकाने हेरंबचा चेहरा ओळखून त्याला आत घेतलं आणि दिलफुझाच्या तोंडावर ते मिटलं. आशिया खंड सगळ्यांना खुला झाला होता. मधुबन फक्त सभासदांना.

"सून आहे माझी," हेरंबची आई वत्सलाबाई खाली येऊन म्हणाल्या.

"मान्य आहे, वहिनी," अध्यक्ष टिळेकर म्हणाले. "सभेत ठराव करू की. दिवाळीनंतर."

"आणि तोवर?"

"समरकंदला जाऊन येऊ दे. आता काय, सगळं खुलंच आहे."

वत्सलाबाई वर गेल्या आणि तांदळाने शिगोशीग भरलेलं माप घेऊन आल्या. त्यांना ओळखून फाटक सरकलं, तसं त्यांनी माप बरोबर फाटकाच्या रुळावर ठेवलं.

"ये गं. उजवा पाय आधी."

दिलफुझाने माप लवंडलं. तांदूळ रुळाच्या खाचेत खोलवर गेले. फाटक दोनदा कण्हलं आणि उघडंच राहिलं.

"आता हे साफ कोण करणार?" टिळेकरांनी विचारलं.

"ठराव करा," सुनेचा हात धरून जिन्याकडे वळत वत्सलाबाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर."