एका अक्षराचा फरक

"अरे, राहू दे की," वडील पुन्हा म्हणाले.

मुलगा उघड्या लॅपटॉपवर वाकला होता. जुनं वायफाय कार्ड जळलं होतं. त्यानं आणलेलं कार्ड त्याच कंपनीचं, दिसायला हुबेहूब. फक्त मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर वेगळं.

"सारखंच तर आहे. मग चालत का नाही?"

"सख्खे भाऊ दिसायला सारखे असले तरी स्वभाव वेगळे असतात ना, तसं. कार्डावरच्या चिपशी बोलायला लॅपटॉपमधल्या लिनक्सला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. जुनीचा ड्रायव्हर हिला ओळखतच नाही." तो हसला. "करतो मी. आई गेल्यापासून एकटे असता. निदान व्हिडिओ कॉल तरी होईल."

वडिलांनी मान फिरवली.

आईच्या चपला नदीकाठी सापडल्या होत्या. आई सापडली नव्हती. मुलगा वेड्यासारखा काठ धुंडाळत फिरला होता. बघणारे हळहळले होते. वडिलांच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. शेजारणीनं ते मुलाच्या कानावर घातलंही होतं.

"माळ्यावर जुनं कार्ड असेल का हो एखादं?"

"वर जाऊ नकोस," वडील घाईनं म्हणाले. "उंदरांचं औषध टाकलंय."

मग त्यानं फोनवरून नवा ड्रायव्हर उतरवून घेतला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. वायफाय लागलं. जुन्या चिपमध्ये ब्लूटूथ नव्हतं, हिच्यात होतं. तेही जागं झालं. जवळचं एक यंत्र पडद्यावर उमटलं.

आईचं श्रवणयंत्र.

मुलगा थिजला. वडील पांढरेफटक पडले.

"बाबा, हे तिच्या कानात होतं त्या दिवशी."

"घरात राहिलं असेल कुठंतरी."

"रोज चार्ज करावं लागतं ते. आणि हे अजून चालू आहे."

वडील माळ्याच्या शिडीपुढे जाऊन उभे राहिले. "तू घरी जा, बाळा. पाया पडतो तुझ्या."

"काय केलंत तिचं?"

वडिलांनी शिडी घट्ट धरली.

मुलानं एक बटण दाबून ते यंत्र लॅपटॉपला जोडलं. माइकजवळ तोंड नेलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला,

"आई, ये ना खाली. या वेळी नाडी नीट बघूनच पाण्यात सोडेन."