मेणाचे आजोबा

नवऱ्याचं प्रेत घरच्या चौकात सजवून ठेवलं होतं आणि वेट्टिया पूर्वजांच्या कपाटासमोर उभी होती. सासरच्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे प्रेतापुढे चालणाऱ्या नटांना वाटून झाले होते. ते खण आत्ता रिकामे झालेले कळत होते. एका रिकाम्या खणात मात्र धूळ साचली होती. तो तिच्या वडिलांचा, वेट्टियसांचा.

वडिलांना भर सभागृहात सम्राटाला ‘नाही’ म्हणायची खोड होती. म्हणण्याआधी ते डाव्या कानाची पाळी चोळायचे. त्या खोडीपायीच त्यांचं डोकं उडवलं, तेव्हा ती लहान होती. पुढे घरात कोणी मेलं की हिलारस नट त्यांचा मेणाचा चेहरा लावायचा आणि कानाची पाळी चोळत, त्यांच्याच चालीने प्रेतापुढे चालायचा. दुसऱ्याच्या मरणात आनंद मानू नये, पण वेट्टियाला त्या दिवशी बाप भेटायचा.

आज हिलारसच्या हातात धान्यकोठारावरच्या कुणा चुलत सासऱ्याचा गुबगुबीत चेहरा होता. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता.

“हिलारस, माझे वडील कुठेत?”

“मालकांना विचारा, बाई. देतील तो चेहरा मी लावतो. मलाही पोट आहे.”

मालक म्हणजे तिचा मुलगा, दीसिमस. कवी होता. राजवाड्यातल्या जेवणावळींत हल्ली त्याला म्हणायला बोलवत. दोन नोकर त्याच्या काळ्या वस्त्राच्या चुण्या बसवत होते.

“आई, राजवाड्यातून माणसं येणारेत. त्यांच्यासमोर आजोबांना मिरवू? म्हणजे उद्या माझाही नंबर.”

“मुखवटा कुठाय?”

“मागेच वितळवला. मेण चांगलं होतं, वाया नाही घालवलं.” त्याने काखेतली लिहायची पाटी तिच्या हातात दिली. “धर जरा. बाबांवरचं भाषण आहे, शेवटी सम्राटांवर चार ओळी. एवढं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं.”

तिने पाटीच्या दोन्ही फळ्या उघडल्या. आत ओतलेल्या पिवळ्या मेणात सुबक अक्षरं कोरलेली होती. कोपऱ्यात भुवईच्या रंगाचा तपकिरी ओघळ तसाच राहिला होता.

वडिलांना मारलं ते शत्रूंनी. त्याचं तिला दुःख होतं, नवल नव्हतं. पण त्यांना पुसून टाकलं ते तिच्या पोटच्या पोराने. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काही खोटं नाही. उन्हाळ्याने मेण मऊ झालं होतं. वेट्टियाने अंगठा टेकवला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश फिरवला. मग फळ्या मिटून पाटी मुलाला परत दिली.

शिंगं वाजली, अंत्ययात्रा निघाली. हिलारस पोट पुढे काढून चालत होता.

“आज वेट्टियस नाही आले?” रस्त्याकडेच्या एका म्हातारीने विचारलं.

“बोलावणंच गेलं नसेल,” शेजारीण म्हणाली.

शहराच्या मोठ्या चौकातल्या ओट्यावर दीसिमस चढला. त्याने आधी राजवाड्याच्या माणसांकडे पाहून मान लववली आणि पाटी उघडली. एक फळी पाहिली, दुसरी पाहिली. मग त्याने आईकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

या पोराला आयुष्यात कधी शब्द अडले नव्हते. आज त्याने तोंड उघडलं आणि काहीच बाहेर येईना. त्याचा डावा हात आपसूक वर गेला आणि तो कानाची पाळी चोळू लागला.

पुढे बसलेले सभागृहातले दोन म्हातारे उठून उभे राहिले. मग त्यांच्या मागचे उठले. हिलारसने तोंडावरचा गुबगुबीत चेहरा काढून खाली धरला. राजवाड्याची माणसं एकमेकांकडे बघू लागली. दीसिमसला काही उमगलं नाही. तो आणखी घाबरला आणि आणखी जोरात पाळी चोळू लागला.

वेट्टिया ओट्यापाशी गेली.

“कान सोड, दीसिमस,” ती म्हणाली. “तो तरी माझ्या बापाचा राहू दे.”